न दिलेला हात

डमीच्या मनगटाला नाडी लागली तेव्हा सत्यशीला पहिल्या वर्षाच्या मुलींना, पेशंट बेडवर असताना खालची चादर कशी बदलायची ते दाखवत होती. दुपारची वेळ होती. बाहेर मनमाड रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते आणि प्रात्यक्षिकाच्या खोलीच्या काचा थरथरत होत्या. डमी जुनी होती. नाकाचा रंग उडालेला, एका कानाला चिकटपट्टी, पोटात फोम. महागातल्या डम्या असतात, बटण दाबलं की छाती हलते, मनगटात ठोके पडतात. तशी एक कॉलेजला कधीतरी येणार होती आणि तोवर ही होती. सत्यशीलानं तिला कुशीवर वळवलं, चादरीची गुंडाळी पाठीखाली सरकवली आणि बोलता बोलता तिचं मनगट धरलं. कारण काहीच नव्हतं, वर्षानुवर्षांची सवय. पेशंटला वळवलं की एक हात मनगटावर. तीन बोटं आपोआप अंगठ्याच्या बाजूच्या खोलगट जागी गेली आणि तिथे ठोका होता. एक. दुसरा. मग एक येता येता राहिला, थोडं थांबल्यासारखं झालं, आणि थांब्यानंतरचा जरा जोरात आला, उशीर झालेल्या माणसानं दार लोटावं तसा. ती बोलायची थांबली. एका मुलीनं विचारलं, "मॅम, पुढं?" सत्यशीला म्हणाली, "पुढं काय, गुंडाळी पलीकडून ओढून घ्यायची," आणि डमीचा हात खाली ठेवला. अगदी हळूच ठेवला. दुखेल म्हणून ठेवावा तसा, आणि हे तिचं तिलाच नंतर विचित्र वाटलं.

त्या दिवशी घरी जाताना तिनं स्वतःची समजूत घातली की ट्रॅक्टर होते, काचा हलत होत्या, त्याचाच तो धक्का असणार. समजूत घालण्यात ती पहिल्यापासून हुशार. नर्सिंगमध्ये मास्टर्स करायचं, तेही नेतृत्व आणि व्यवस्थापन या विषयात, हे ठरवतानाही तिनं स्वतःची अशीच समजूत घातली होती. हर्षल, तिचा नवरा, एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, म्हणाला होता, "किती दिवस लोकांची भांडी उचलणार? खुर्चीवर बस आता." त्यात चूक काही नव्हतं. कंबर दुखायची, पायांच्या शिरा फुगल्या होत्या, बरोबरीच्या दोघी-तिघी केव्हाच मेट्रन होऊन पंख्याखाली गेल्या होत्या. मग सरकारी दवाखान्यातून अभ्यासाची रजा घेऊन ती कॉलेजात दाखल झाली, आणि शिकता शिकता पहिल्या वर्षाला प्रात्यक्षिकं दाखवणंही तिच्याकडे आलं. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, कुणी कुणाला जबाबदार असावं, पाळ्या कशा लावाव्यात, दोघींचं भांडण तिसरीनं कसं मिटवावं, या सगळ्याचं शास्त्र आहे हे ऐकून तिला आधी हसू आलं, कारण इतकी वर्षं तिच्या वॉर्डात भांडणं नुसतीच होत आली होती. पण अभ्यास तिला आवडला. खोटं कशाला, फार आवडला. फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनांना रेघांनी जोडायचं, आणि चौकोनातल्या कुणालाही रात्रीतून उलटी व्हायची नाही. फक्त कधी कधी वर्गात बसल्या बसल्या तिची तीन बोटं बाकाच्या कडेवर आपोआप जुळायची आणि ती त्यांना ओढून मांडीवर घ्यायची.

कारण तिची बोटं ही वॉर्डातली नावाजलेली गोष्ट होती. इतरांना सापडत नाही ती नाडी सत्यशीलाला सापडायची. जुलाबांनी सुकलेलं पोर असो, सुजून फुगलेला हात असो, नवे डॉक्टर बीपीचा पट्टा गुंडाळून गुंडाळून घामाघूम व्हायचे आणि मग हाक मारायचे, "सिस्टर, जरा बघता का?" ती डोळे मिटायची. बोटं ठेवायची, दाबायची नाही, ठेवायची फक्त. हे तिला शिकवलं चांगुणा सिस्टरनं. चांगुणा सिस्टर तेव्हा वॉर्डची इन्चार्ज होती, पाथर्डीकडची, आवाज असा की जिन्याखालचे नातेवाईक विड्या विझवायचे. नव्या मुलींच्या बोटांवर ती खरोखर पट्टी मारायची. "अंगठ्यानं बघू नगं. आन् लई दाबू बी नगं. लई दाबलं की सोताचीच लागती, आन् मेल्या मान्साला जित्ता म्हनून बसशील." असं घडलेलंही होतं, तिच्या आधीच्या कुणाच्या हातून, आणि ती गोष्ट दर बॅचला सांगितली जायची. नर्सच करू शकेल अशी ती चूक, बाकी कुणी मनगट धरायला जातंच कशाला. आणि चांगुणा सिस्टरचा दुसरा नियम होता, तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. पाळी बदलताना, जो पेशंट नाजूक असेल त्याच्यापाशी जाणारीनं आणि येणारीनं दोघींनी उभं राहायचं. जाणारीनं मनगट धरलेलं असायचं. येणारीनं तिच्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवायची, ठोका लागला की म्हणायचं "लागली", आणि मगच जाणारीनं बोटं उचलायची. मधे हात मोकळा सोडायचा नाही. याला त्या वॉर्डात हात देणं म्हणत. कुणी पर्स उचलून निघालं की चांगुणा सिस्टर टेबलामागून विचारायची, "हात दिला का?" का, असं विचारण्याची कुणाची टाप नव्हती. एकदा सत्यशीलानंच विचारलं होतं, चहा पिताना, सिस्टरचा मूड बघून. सिस्टर बशीतला चहा फुंकत म्हणाली, "आगं, आपुन धरलेलं आसतं ते. दुसऱ्याच्या हातात दिलं न्हाई तर ते आपल्याबरूबर घरी येतं." मग ती हसली. सत्यशीलाही हसली होती.

चांगुणा सिस्टर रिटायर होऊन बेलापूरला मुलाकडे गेली आणि हात देणं हळूहळू सुटत गेलं. नव्या मुलींना घाई असायची, टेबलापाशीच उभ्या राहून सगळ्या पेशंटचं ऐकून घ्यायच्या, लिहून घ्यायच्या, आणि कामाला लागायच्या. कामात त्या कमी नव्हत्या. जुन्या दोघी-चौघीच तेवढ्या बेडपाशी थांबायच्या. सत्यशीला रजेवर जायची त्या शेवटच्या दुपारी तिच्याकडे गनीभाई होते. नेवाशाचे, शिलाई मशिनी दुरुस्त करणारे, दाढीला मेंदी, खिशात कायम छोटा पेचकस, तो दवाखान्यातही त्यांनी उशीखाली ठेवला होता आणि शेजारच्या बेडचं सलाइनचं स्टँड त्यानंच घट्ट करून दिलं होतं. त्यांच्या नाडीचा ठोका मधेच सुटायचा. दोन सरळ, एक राहिलेला, मग थांबा, मग एक जोराचा. डॉक्टर गोळ्या बदलून बघत होते. सत्यशीला मनगट धरायची तेव्हा गनीभाई तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. "सुटला ना मधी?" ते विचारायचे. "सुटतो," ती म्हणायची. "तो मधी थांबतो ना सिस्टर, तवा तो इचार करतो. जावं का ऱ्हावं. आजून तरी ऱ्हावं म्हनतो." त्यांची बायको बद्रुन्निसा डब्याचं झाकण आपटून म्हणायची की या माणसाच्या जिभेला काही हाड नाही. त्या दुपारी सत्यशीला गनीभाईंचं मनगट धरून रेश्माची वाट बघत उभी होती. रेश्मा नवी, तरतरीत, संगमनेरच्या बाजूची, टेबलापाशी सकाळच्या नर्सकडून सगळं ऐकून घेत होती. ऑफिसमधून शिपाई दोनदा येऊन गेला, साहेब निघालेत, रजेच्या कागदावर सही राहिलीय. सत्यशीलानं हाक मारली, "रेश्मा, इकडं येतेस का जरा." रेश्मा तिथूनच म्हणाली, "सिस्टर, जा तुम्ही बिनधास्त, मी आहे ना. आत्ता येते." आणि ती होतीच. दहा पावलांवर होती. सत्यशीलानं बोटं उचलली. गनीभाईंचा हात क्षणभर तसाच वर राहिला, धरलेला असावा तसा, आणि ते म्हणाले, "शिकून या मोठ्ठ्या." एवढंच झालं होतं. कुणीही तेच केलं असतं.

डमीनंतर आठवडाभरात तिला कळून चुकलं की ट्रॅक्टर-बिक्टर काही नव्हतं. एका सकाळी कणीक मळता मळता ती थांबली आणि बोटं गोळ्यात रुतून राहिली, तर गोळ्यात ठोका. दोन सरळ, एक राहिलेला, थांबा. कणकेच्या गोळ्याला कसली आली नाडी. तिनं हात धुतले आणि ओट्याची कड धरली, तर कडेत. तारकपूरच्या स्टँडवर बसमध्ये चढताना दांडी धरली, तर दांडीत. बस बंद होती, ड्रायव्हर खाली तंबाखू मळत होता. कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकाचा पुठ्ठा, सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या जिन्याचा कठडा, भाजीवालीनं हातात ठेवलेला पेरू. पेरूचा तिला सगळ्यात जास्त त्रास झाला. तो तळहातात बसत होता, कोमट होता, आणि मधेच थांबत होता. तिनं तो परत टोपलीत ठेवला तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काय झालं ताई, गोड हाय, कापून दावू का?" सत्यशीला नको नको म्हणत जवळजवळ पळालीच. गंमत म्हणजे तिला भीती वाटली ती ठोक्याची नाही. ठोका ओळखीचा होता. नाडीला चेहरा असतो, हे तिनं कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, पण गर्दीत आपल्या माणसाची चाल लांबून ओळखू येते तशी ती ओळखायची. ही गनीभाईंची होती. भीती त्या थांब्याची होती. प्रत्येक वेळी तो आला की तिचा स्वतःचा श्वासही थांबायचा, आणि पुढचा ठोका पडेपर्यंत आजूबाजूचे आवाज, रिक्षा, कुकरची शिट्टी, वर्गातल्या मुली, सगळं पलीकडे कुठेतरी गेल्यासारखं व्हायचं, आणि त्या पोकळीत कुणीतरी विचार करत असायचं.

अर्थात तिनं स्वतःचं मनगटही धरून बघितलं. नर्स होती ती. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवली आणि तोच लंगडा ठोका लागला. पण तोच पेरूलाही होता, मग त्याला काय अर्थ. जी बोटं लोखंडी दांडीला नाडी आहे म्हणतात त्यांची साक्ष कुणी काढावी? रजेवर जायच्या आधी, कॉलेजात प्रवेश घेताना तिची तपासणी झाली होती, ईसीजी सरळ होता, फिट असा शिक्का होता. डॉक्टरकडे जाऊन सांगणार काय, की कणकेला नाडी लागते? त्यांनी तिला हृदयाच्या नाही, भलत्याच विभागात पाठवलं असतं आणि गावभर झालं असतं. दुसऱ्या कुणाला मनगट धरायला सांगावं हे तिच्या मनातच आलं नाही. इतकी वर्षं ती धरणारी होती. तिच्या मनगटाला घड्याळाखेरीज कुणी हात लावला नव्हता, आणि हर्षल रस्ता ओलांडताना धरायचा तो दंड.

मग नंदूला ताप आला. राजनंदिनी, तिची मुलगी, तिसरीतली, संध्याकाळी शाळेच्या रिक्षातून उतरली तीच लालबुंद तोंडानं. सत्यशीलानं तिला पलंगावर निजवलं आणि करू नये ते केलं, मनगट धरलं. दोन सरळ. एक राहिलेला. थांबा. थांबा लांबला, की तिला तसं वाटलं, आणि ती हर्षलवर ओरडली, गाडी काढ. आयुष्यात ती पेशंटच्या नातेवाइकांना शांत राहा म्हणत आलेली, आणि आता दवाखान्याच्या बाकावर तिच्या दातांचा आवाज हर्षलला ऐकू जात होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं, कारण सांगणारी नर्स होती. मग म्हणाले, एकदम स्वच्छ आहे, व्हायरल ताप आहे, ठोका घड्याळासारखा पडतोय, पाहिजे तर तुम्ही ऐका. तिनं ऐकलं. नळीतून ठोका खरंच सरळ येत होता, धावत, लहान मुलाचा. बोटांखाली मात्र तोच लंगडत होता. म्हणजे कान खरे होते आणि बोटं खोटी. घरी आल्यावर नंदूला थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवताना तिला पट्टीखालचं कपाळ हातानं कळेना, हातात दुसरंच चाललेलं होतं, म्हणून तिनं वाकून गाल टेकवला. टेकवला आणि तिला तिची आई आठवली. मनकर्णा, पाथर्डीकडच्या गावातून दरवर्षी ऊस तोडायला जाणारी. पाचटानं आणि कोयत्यानं तिचे तळवे असे झाले होते की त्यांना ताप कळायचा नाही. ती पोरांच्या कपाळाला गाल लावून बघायची आणि म्हणायची, "हाताला काय बी लागत न्हाई बाई आता. हात मेलं माजं." सत्यशीलाला वसतिगृहात टाकलं, नर्सिंगला घातलं, ते मुलीचे हात तसे होऊ नयेत म्हणून. आणि इथे एक पुस्तक उचलण्यापलीकडे काम नसलेल्या तिच्या हातांना आपल्या पोरीचा ताप कळत नव्हता. ती नंदूच्या केसांत तोंड घालून रडली. खुर्ची मिळाली, न मिळाली, तिला पर्वा नव्हती. तिला तिची बोटं परत हवी होती.

प्रबंधाचं काम त्यातच चालू होतं. तिचा विषय होता पाळी बदलताना रुग्णाची माहिती देण्याघेण्याची पद्धत. टेबलापाशी देणं आणि बेडपाशी देणं यांत वेळ किती जातो, काय राहून जातं. विषय तिनंच निवडला होता आणि तेव्हा तिला वाटलं होतं की चांगुणा सिस्टरचं काहीतरी आपण कागदावर आणू. पण हात देणं कुठल्या रकान्यात बसेना. माहिती म्हणावी तर त्यात माहिती नव्हती, नाडी तर आधीच मोजून झालेली असायची. शेवटी तिनं ते 'अनावश्यक कृती'खाली घातलं, घाम पुसायला टॉवेल शोधणं आणि फोन घेणं यांच्या शेजारी. गाइड मॅडम चांगल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "काढूनच टाक असं मी म्हणत नाही, सत्यशीला. पण ते कशासाठी आहे ते तू मला सांग. काय होतं त्यानं? किंवा न केल्यानं काय होतं?" सत्यशीलाचा हात मॅडमच्या टेबलावर होता आणि टेबलात तो थांबा नुकताच सुरू झाला होता. ती म्हणाली, "न केल्यानं काय होतं ते बघायला मला वॉर्डात जावं लागेल." मॅडमना वाटलं ती निरीक्षणाबद्दल बोलतेय. त्या म्हणाल्या, जा मग, आणि काहीतरी खाऊन जा, चेहरा कसा झालाय.

खरं तर एका फोनचं काम होतं. रेश्माचा नंबर होता. गनीभाईंचं काय झालं, एवढंच विचारायचं. पण ते विचारणं तिनं इतके दिवस टाळलं होतं, कारण एकच उत्तर तिला दिसत होतं. त्या दुपारी ती जिना उतरत असताना, रेश्मा आत्ता येते म्हणत असताना, तो थांबा आला असणार आणि पुढचा ठोका पडलाच नसणार. आणि तो न पडलेला ठोका कुणाच्याच हातात न जाता तिच्याबरोबर जिना उतरून आला असणार. असं काही नसतं. व्यवस्थापनात तर मुळीच नसतं. तरी वॉर्डच्या जिन्याच्या कठड्याला हात न लावता, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून ती वर चढली.

दोनची वेळ. वॉर्डात तोच वास, फिनेल, वरण आणि ओल्या भिंती, आणि त्या वासानं तिच्या पोटात बरं वाटलं, माहेरी आल्यासारखं. टेबलाभोवती मुली जमल्या होत्या, सकाळच्या आणि दुपारच्या. एक सांगत होती, बाकीच्या ऐकत होत्या. बेडवरचे पेशंट लांबून त्यांच्याकडे बघत होते. कुणाच्याही मनगटावर कुणाचा हात नव्हता, सगळे हात चादरींवर नुसते पडलेले होते आणि तिला वाटलं, ते सगळे थोडे थोडे वर उचललेले आहेत. रेश्मा सकाळच्या पाळीला होती, तिचं सांगून झालं होतं. ती धावतच आली. "अगं बाई, सिस्टर! किती वाळलात. अभ्यास अभ्यास करून. मेट्रन झाल्यावर आम्हाला ओळखाल ना?" सत्यशीला तिला घेऊन खिडकीजवळच्या रिकाम्या बेडपाशी गेली. तोच बेड.

"रेश्मा, गनीभाई होते इथे. नेवाशाचे."

"शिलाई मशिनवाले? पेचकसवाले?" रेश्मा हसली. "ते तर ठणठणीत आहेत. गेल्या महिन्यात येऊन गेले, चाचींना घेऊन. आपल्या वॉर्डचं ते किरकिरणारं दार सरळ करून दिलं त्यांनी."

सत्यशीला बेडच्या कडेवर बसली. इतके दिवस मनानं पुरलेला माणूस दार दुरुस्त करून गेला होता. तिला हसावं की काय करावं कळेना. "आणि त्यांची नाडी? गोळ्यांनी फरक पडला?"

"त्याचीच तर गंमत," रेश्मा म्हणाली. "तुम्ही गेलात ना त्या दिवशी, मी पाचएक मिनिटांत आलेच त्यांच्याकडे. हात धरला तर एकदम सरळ. मला वाटलं माझंच चुकतंय. सरांना बोलावलं, ईसीजी काढला, तर सरळ. एक ठोका सुटेना. सर म्हणाले गोळी लागू पडली. गनीभाई काय म्हणाले माहितीय का? म्हणाले, सिस्टर घिऊन गेल्या." ती पुन्हा हसली, आणि सत्यशीलाचा चेहरा बघून तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. "सिस्टर, काय होतंय तुम्हाला? घाम आलाय केवढा. पाणी आणू?"

"पाणी नको," सत्यशीला म्हणाली. तिनं ओढणीतून उजवा हात सोडवला आणि तो रेश्मापुढे धरला, तळवा वर करून. इतकी साधी गोष्ट, पण हात पुढे करताना तिला उघडं पडल्यासारखं, लाज वाटल्यासारखं झालं. "जरा बघतेस का."

रेश्मानं बोटं ठेवली. अंगठा नाही, तीन बोटं, दाबली नाहीत, ठेवली फक्त. कुणीतरी तिला नीट शिकवलं होतं, बहुधा सत्यशीलानंच. रेश्मानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली आणि मग घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. सत्यशीला तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि आपण तिच्या तोंडाकडे का बघतोय हे तिला एकदम समजलं. सगळे असेच बघतात.

"सुटतो ना मधे?" सत्यशीलानं विचारलं.

"सुटतोय," रेश्मा हळू आवाजात म्हणाली. "दोन बरोबर, मग एक... आणि मोठा थांबा येतोय. सिस्टर, हे कधीपासून आहे? कुणाला दाखवलंत का नाही? तुम्हाला कळलं नाही?"

काय सांगणार होती ती. की कळलं होतं, रोज, प्रत्येक वस्तूत कळलं होतं. कणकेत, दांडीत, पेरूत, पोरीच्या मनगटात, जिथे जिथे तिनं घाबरून बोटं दाबली तिथे. लई दाबलं की सोताचीच लागती. पहिल्या वर्षाच्या मुलींना सांगायची चूक तिच्या हातून झाली होती आणि ती इतके दिवस दुसऱ्याच्या मरणाला भीत बसली होती. क्षणभर तिला केवढा सुटल्यासारखा आनंद झाला, बोटं खोटी नव्हती, बिचारी खरंच बोलत होती. आणि त्या आनंदाच्या मागोमाग, सावकाश, गनीभाईंचा ठोका आला, दोन सरळ, एक राहिलेला. आणि प्रवेशाच्या वेळचा तिचा सरळ ईसीजी, आणि गनीभाई म्हणाले ते, सिस्टर घिऊन गेल्या. तिनं डोकं हलवलं. तिला फार थकवा आला होता. ती त्याच बेडवर मागे टेकली आणि रेश्मानं दुसऱ्या हातानं उशी सरकवून दिली, मनगट न सोडता.

"कुणीतरी सरांना बोलवा," रेश्मा टेबलाकडे बघून म्हणाली, "आणि ईसीजीचं मशिन आणा इकडं." मग तिनं घड्याळाकडे बघितलं. तिची पाळी संपली होती. गेटबाहेर तिची संगमनेरची बस लागली असेल, रोज हीच पकडायची ती. सत्यशीलाला ते दिसलं आणि जा म्हणायला तिनं तोंड उघडलं. व्यवस्थापनाच्या नियमानं तेच बरोबर होतं, माहिती दिली गेली होती, दुपारच्या मुली दहा पावलांवर होत्या. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच, आणि आवाजही तिचा नव्हता, एखाद्या पेशंटचा निघावा तसा निघाला.

"सोडू नको गं."

"नाही सोडत," रेश्मा म्हणाली. "रुमाना, इकडं ये आधी. ते राहू दे, इकडं ये."

रुमाना आली, दुपारच्या पाळीची, आत्ताच हात धुतलेली, ओली बोटं गणवेशाला पुसत. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं. रेश्मानं सांगितलं, "इथे ठेव, माझ्या बोटांशेजारी. दाबू नको." तीन गार बोटं आणखी आली. सत्यशीलानं डोळे मिटले. आपल्या मनगटावर एवढे हात तिनं कधी अनुभवले नव्हते, आणि ते बरं वाटणं इतकं होतं की तिला रडू येईल असं वाटलं. बाहेर उसाचा एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. काचा थरथरल्या.

"लागली?" रेश्मानं विचारलं.

"लागली," रुमाना म्हणाली.

रेश्मा बोटं उचलणार, एवढ्यात ठोका थांबला, आणि तिघीही वाट बघत राहिल्या.